माहेरी आलेला मासा

नाव पॅसिफिक युनिव्हर्सिटी, पण समुद्र गाडीनं तासाभराच्या अंतरावर, तोही थंडगार. ओरेगॉनमधल्या फॉरेस्ट ग्रोव्ह गावच्या या विद्यापीठात हवाईची पोरं चारेक हजार किलोमीटर ओलांडून येतात आणि पावसापाण्यातही रबरी चपला सोडायला तयार नसतात. दर वसंतात त्यांचा क्लब लुआउ करतो. लुआउ म्हणजे नाचगाण्यासकट जंगी जेवणावळ.

होनोलुलूत असताना आईनं हुला नाचाच्या क्लासला घातलं की ज्याचं हटकून पोट दुखायचं, तो इथं रात्री उशिरापर्यंत गुडघे वाकवून सराव करत असतो. पुण्यात ढोलपथकाला शिव्या घालणारा माणूस न्यू जर्सीत पथकाचा अध्यक्ष होतो, त्यातलाच प्रकार. घर लांब गेलं की अंगात येतं.

जेवणाचं तर विचारूच नका. कालुआ डुक्कर खरं तर जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर पानांत झाकून तासन्‌तास शिजवायचं. पण कॉलेजच्या हिरवळीवर खणू कोण देणार? मग बऱ्याच क्लबांत डुकराचा खांदा रात्रभर ओव्हनमध्ये जातो, वर मीठ आणि बाटलीतला धूर. हो, बाटलीतला. अमेरिकेत धूरसुद्धा वाण्याकडे मिळतो.

माझा जीव मात्र अडकलाय लोमी सालमनवर. खारवलेला सालमन हातानं चुरायचा, त्यात टोमॅटो आणि कांदा घालायचा. याच्याशिवाय लुआउचं ताट पुरं होत नाही. आता गंमत बघा. हवाईच्या समुद्रात सालमन नसतोच! एकोणिसाव्या शतकात हडसन्स बे कंपनीनं कोलंबिया नदीतला सालमन खारवून, पिंपांत भरून होनोलुलूला विकायला नेला. तिच्या फोर्ट व्हँकुव्हरच्या ठाण्यावर, म्हणजे आजच्या पोर्टलंडसमोर नदीपलीकडे, राबायला पुष्कळ हवाईयनच होते.

तर हा सासरी नांदलेला मासा लुआउच्या निमित्तानं माहेरी येतो, आणि माहेरची माणसं त्याला अस्सल हवाई पदार्थ म्हणून रांग लावून खातात. पोईच्या पातेल्यापुढं मात्र पाहुणे चमचाभर घेऊन पुढं सरकतात. पोई म्हणजे उकडून कुटलेले अळूचे कंद. आपल्या अळूची एवढी उपेक्षा मला तरी बघवली नसती. मी दोनदा वाढून घेतली असती, निदान पहिल्या घासापर्यंत.