गाइड बदलले, अन् काकूंची झोप उडाली

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, त्या खिडकीतून सगळं ऐकू जातं. कोपऱ्यावरच्या वाड्यातल्या काकूंची सून, पीएचडीवाली हो, तिचे गाइड बदलले!

म्हणजे सर रिटायर झाले. आता सत्तरीपर्यंत को-गाइड म्हणून नाव राहील, राहू दे बापडं, पण सही नव्या मॅडमची. आणि मॅडम वयाने सुनेहून लहान! काकू म्हणाल्या, "कालची पोर, ही काय गाइड करणार आमच्या सुनेला?" मला म्हणाल्या हं, तुम्ही बोलू नका कुठे.

तर काय सांगत होते... हां, ती सहामाही मीटिंग. प्रबंधाचा विषय तर ठाऊकच आहे, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं, ते हौद-बिऊद. सर नेहमीसारखे म्हणाले, "उत्तम! आता बाइंडिंगला टाका." तेवढ्यात मॅडमनी चौथं प्रकरण उघडलं. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा! "हे सगळं सरदेसायांच्या छापील 45 खंडांतलं आहे," म्हणाल्या. "ती पेशवे दफ्तरातली निवड झाली. मूळ मोडी कागदांचे रुमाल सोडून पाहिलेत?"

सून गप्प. मोडी लिपी कुठे येते तिला! आणि सर... चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. इतक्या वर्षांत त्यांनी तरी कुठे विचारलं होतं?

घरी ही रडारड. सहा वर्षांची मुदत संपत आलेली, नि आता मोडीपासून सुरुवात? मॅडमना फोन लावला, तर त्या शांतपणे म्हणतात, "घाबरू नका, री-रजिस्ट्रेशनची 2 वर्षं मिळतात, शिवाय बायकांना आणखी 2. एकूण 10 पर्यंत जाता येतं." फोन स्पीकरवर! काकूंनी पेढेवाल्याला आगाऊ सांगून ठेवलेलं, त्यांचा चेहरा बघवेना हो.

पण सून? अहो, खुशीत आहे! मोडीचा वर्ग लावला, दुपारची पेशवे दफ्तरात जाऊन बसते. मला म्हणाली, "मावशी, माझं लिहिलेलं कुणीतरी ओळन् ओळ वाचलं. सर नुसती पानं मोजायचे." यूजीसीने पेपर छापायची सक्ती 2022 सालीच काढली ना, तरी मॅडम म्हणतात, एक चांगला लिहाच. आणि ही लिहितेय!

आता खरी गंमत ऐका. मोडी वाचता येतंय म्हटल्यावर काकूंनी हौसेने आजेसासऱ्यांची पेटी उघडली. वाड्यातल्या विहिरीवरून समोरच्यांशी किती वर्षं अबोला आहे, ते काय मी सांगायला हवं? निघाला की एक कागद! सुनेने घडाघडा वाचला... निम्मी विहीर समोरच्यांची.

काकू मटकन खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे तुझ्या प्रबंधात नको हं घालूस."

तर सून म्हणते कशी, "मॅडमना विचारावं लागेल, आई."