वाटाघाटीच्या टेबलामागे कसे बसावे : पैठणकरांसाठी प्राथमिक धडे

दिल्लीच्या वाणिज्य भवनात व्यापार करारांची आकडेमोड करायला जाणार असाल, तर आधी हे समजून घ्या की टेबलाशी तुम्हाला जागा नसते. टेबलाशी साहेब बसतात. तुम्ही त्यांच्या मागच्या खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप घेऊन. समोरचा पक्ष म्हणतो, 'या मालावरचे शुल्क काढा.' साहेब मान न वळवता हात तेवढा मागे करतात. त्या हातात नेमकी चिठ्ठी पडली पाहिजे. सगळी नोकरी एवढीच.

घरी मात्र 'परदेशांशी बोलणी करतो' असे सांगावे. नाथषष्ठीला आलेले पाहुणे 'म्हणजे नक्की काय करतोस?' असे विचारतीलच. तेव्हा विषय जायकवाडीच्या पाण्यावर न्यावा. पुढचा तासभर तुम्हाला कोणी विचारणार नाही.

हे काम आपल्या गावाला नवे नाही, ही गोष्ट मुलाखतीत जरूर सांगावी. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक टिपणात पैठण गुजरातेतल्या भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर दाखवले आहे. इथून अकीकासारखे दगड गाड्या भरभरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात. त्याच टिपणात कल्याणची हकीकत आहे. हे बंदर आधी व्यापाराला खुले होते, पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून लागलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला धाडले जाऊ लागले. याला आजच्या फायलीत 'बिगर-शुल्क अडथळा' म्हणतात आणि त्यावर चाळीस पानी टिपण होते. पेरिप्लसवाल्याने ते दोन वाक्यांत उरकले, कारण त्याला अवर सचिव नव्हता. तिकडे रोमन अंमलदार इजिप्तमध्ये पूर्वेकडच्या मालावर पंचवीस टक्के वसूल करत. चौथाईच ती. मराठी माणसाला हा दर ऐकून उगीच आपलेपणा वाटतो, पण तो बैठकीत दाखवू नये.

आता एचएस कोड. जगातल्या प्रत्येक मालाला एक क्रमांक असतो. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, भारतात आठ. हे पाठ करावे लागतात, आणि पाठ करताना गावाकडची समजूत बाजूला ठेवावी लागते. पाचोडच्या बाजारातली मोसंबी ०८०५१० मध्ये जाते, म्हणजे 'ऑरेंज'च्या खान्यात. नागपूरचे संत्रे त्या खान्यात नाही, ते पडते मँडरिनमध्ये. मोसंबी वेगळी दिसत नाही म्हणून चिडून उपयोग नाही. पैठणीचेही तेच. ५००७, रेशमी कापड. पदरावर बांगडी मोर आहे की आसावली, की कापड साध्या पडद्याचे आहे, हे त्या चार आकड्यांना कळत नाही.

आपल्या निर्यातीचा आकडा आणि समोरच्या देशाच्या आयातीचा आकडा कधीच जुळत नाहीत, हे पहिल्या आठवड्यात कळेल. घाबरू नये. आपण माल जहाजावर चढवताना किंमत धरतो, ते भाडे आणि विमा मिळवून धरतात. शिवाय दुबईमार्गे गेलेला माल कोणाच्या नावावर मांडायचा, यावरही घोळ असतो. बैठकीत आपल्या सोयीचा आकडा आधी वाचावा. समोरचाही तेच करत असतो.

कागद फेकू नयेत. युरोपीय संघाशी २००७ मध्ये सुरू झालेली बोलणी २०१३ मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. 'आरसेप' या प्रादेशिक व्यापार कराराची बोलणी वर्षानुवर्षे चालली आणि ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकला भारताने 'आम्ही येत नाही' म्हणून सांगितले. तेवढ्यासाठी रात्री जागून काढलेले तक्ते कपाटात गेले. कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवावी.

खरा पेपर मात्र रेशमाचा असतो. तो सोडवता आला तर बाकीचे जमेल. समजा, पैठणच्या एका विणकराचा मेहुणा जालन्याकडे तुती लावतो. विणकराला धागा स्वस्त हवा. चीनचे कच्चे रेशीम कमी शुल्कात आले तर बंगळूरचा धागाही उतरतो आणि मागावरच्या साडीत दोन पैसे सुटतात. मेहुणा जालन्याच्या बाजारात कोष घेऊन उभा असतो, त्याला तेच रेशीम बंदरावर अडलेले हवे. सरकारने २०११ च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचे शुल्क तीस टक्क्यांवरून पाचवर आणले आणि २०१३ मध्ये ते पंधरावर नेले. म्हणजे आधी विणकर हसला, मग मेहुणा. दिवाळीला दोघे एकाच पंगतीत बसतात आणि तुम्ही त्यांच्या ओळखीचे.

इथे नवखा विश्लेषक दोघांचे आकडे काढून सरासरी लिहितो. सरासरीने ना साडी विणली जाते ना कोष विकला जातो. मुरलेला विश्लेषक लिहितो, 'बाब संवेदनशील. टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांत.' दहा वर्षांत सरकार बदलते, साहेब निवृत्त होतात, मेहुणा तुती काढून मोसंबी लावतो. माझे मत विचाराल तर दोन्ही पद्धती चूक आहेत. किती मागांवर किती धागा लागतो आणि किती एकरांवर तुती उभी आहे, हे शोधून लिहावे. फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा, हे नावानिशी लिहावे. निर्णय घेणारे वर बसलेत, पण 'आम्हाला माहीत नव्हते' म्हणण्याची सोय त्यांना ठेवू नये.

तेव्हा अर्ज जरूर करा, पण दिल्लीची गाडी धरण्याआधी एक दिवस मागाजवळ बसा आणि एक दिवस जालन्याच्या कोष बाजारात उभे राहा. त्या दोन दिवसांचा भत्ता मिळत नाही.