पसरणीचा घाट आणि सासरवाडीचा ब्रेक

पाचगणीहून वाईला पसरणीचा घाट सायकलवरून उतरायचा, आणि तोही भर जुलैत, ही कल्पना साडूंची. सायकली टेम्पोत घालून वर नेल्या. तिघांची वयं मिळून दीडशेच्या वर, तेव्हा चढायचा विषयच कोणी काढला नाही.

साडूंची सायकल बारीक टायरची. तिच्या चिमट्याच्या माथ्यावर एका बोल्टने बसवलेला कॅलिपर ब्रेक. खेकड्याच्या नांगीसारखा वरून येऊन रिम दोन्हीकडून धरणारा. मेव्हण्याचा व्ही-ब्रेक: चिमट्याच्या दोन पायांवर दोन उंच हात, त्यांच्या टोकांवरून आडवी गेलेली वायर. हात लांब, म्हणून पकड दणकट आणि जाड टायरला जागाही ऐसपैस. शिमानोने तो १९९६ मध्ये आणला, हे मेव्हण्याने टेम्पोत तीनदा सांगितलं.

माझ्याकडे सासऱ्यांची काळी सायकल. सळईचे ब्रेक. मूठ दाबली की सळया ओढल्या जातात आणि रबरं रिमला बाजूंनी नव्हे, आतल्या अंगाने चिकटतात. वायरच नाही, मग तुटणार काय? "चाळीस वर्षांत एकदा बिघडले नाहीत," असं सासरे म्हणाले होते. ती चाळीस वर्षं ते सपाट रस्त्याने कचेरीत जात होते, हे मला पहिल्या वळणावर आठवलं.

कारण पाऊस आला. अ‍ॅल्युमिनियमची रिम भिजली, तरी रबर आधी पाणी पुसतं आणि मग का होईना, पकडतं. माझी रिम क्रोमच्या मुलाम्याची, पोलादी. ओली झाल्यावर रबर तिच्यावरून साबणाच्या वडीसारखं फिरत होतं. दोन्ही मुठी आवळल्या. सायकल सासरवाडीची, जावयाचं कशाला ऐकेल? मेव्हण्याला मागे टाकलं, तेव्हा तो "वा, भावजी!" असं ओरडला. त्याला तो पराक्रम वाटला.

साडू मात्र पुढे आपोआप थांबलेले दिसले. दरडीची लाल माती त्यांच्या टायर आणि ब्रेकच्या फटीत बसून चाक जाम झालं होतं. त्या दिवशी सर्वांत भरवशाचा ब्रेक तोच. मी त्यांच्या शेजारून, दोन्ही पाय रस्त्याला घासत, हात करून गेलो.

वाईत ढोल्या गणपतीपुढे हात जोडले आणि चपलांचं दुकान विचारलं.

सळईच्या ब्रेकची, उत्तम स्थितीतली सायकल कोणाला हवी असल्यास मला कळवावे. सासऱ्यांना कळवू नये.