सात्त्विक पॅन्ट

हल्ली माझ्या अंगावर माझ्याहून चारित्र्यवान पॅन्ट असते. सेंद्रिय कापसाची. कमरेला अडकवलेल्या चिठ्ठीवर तिची अख्खी कुळकथा होती: बी जनुकबदल न केलेलं, शेतात रासायनिक खत नाही की फवारा नाही. पुढे जिनिंग, सूतगिरणी, रंगाई, शिलाई, प्रत्येक मुक्कामी तपासणी आणि प्रमाणपत्र. सासऱ्यांनी माझी एवढी चौकशी केली असती तर आमचं लग्नच झालं नसतं.

चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरांत मात्र ‘९८ टक्के सेंद्रिय कापूस, २ टक्के इलॅस्टेन’. नियमात बसतं ते. जीओटीएस या जागतिक मानकाचा ‘सेंद्रिय’ शिक्का मिळायला ९५ टक्के सेंद्रिय धागा पुरतो. पेट्रोलियममधून आलेले ते दोन टक्के माझ्या पोटासाठी आहेत, आणि जेवणानंतर सगळा भार तेच वाहतात.

सात्त्विकतेचा चुरगळण्याशी काय संबंध आहे कोण जाणे. रिक्षातून ऑफिसला पोचेपर्यंत मांड्यांवर सह्याद्री उभा राहतो. गुडघ्यांना तर असा फुगा येतो की मी उभा राहिलो तरी पॅन्ट बसलेलीच असते. हा दोष एकूणच सुती कापडाचा, सेंद्रियतेचा नव्हे. पण एवढी किंमत मोजल्यावर माणूस जरा कडक घडीची अपेक्षा करतोच. इस्त्रीवाल्याने ती पॅन्ट चिमटीत धरून वर उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “साहेब, झोपायची आहे का?”

अशात यवतमाळहून मामा आले. जन्मभर कापूस पिकवलेला माणूस, अंगावर टेरिकॉटची पॅन्ट. कुणाच्या तरी लग्नात शिवलेली, आणि तिची घडी अजून सुरीसारखी. मी उत्साहाने सेंद्रिय शेती समजावू लागलो. मामांनी ऐकून घेतलं.

“बिगर बीटीचं बी भेटलं कुठं त्यायले?”

प्रश्न रास्त होता. २००२ साली जनुकबदल केलेलं बीटी बी आलं आणि बघता बघता विदर्भातल्या दुकानांतून साधं बी जवळजवळ दिसेनासं झालं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तीच बीटीची बोंडं आतून पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले. मामा त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. “नाकाले रुमाल बांधत होतो आम्ही,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी पॅन्टचा पायचा बोटांत चोळून पाहिला. “पोत चांगला हाय. केवढ्याची?”

“दोन हजार आठशे.”

मामांनी डोळे मिटले. क्विंटलभर कापसातून रुई निघते चौतीसेक किलो, बाकी सरकी. पॅन्टचं वजन अर्धा किलो. गिरणीतली घट, शिवणाऱ्याची कातरण सगळं धरून कापूस लागला फार तर दोन किलो. लांब धाग्याचा २०२५-२६चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल.

“एकशे बासष्ट रुपये,” मामा डोळे उघडून म्हणाले. “सेंद्रियचे वरून धर अजून थोडे. बाकीचे कायचे?”

मी शिलाई सांगितली, प्रमाणपत्रं सांगितली, मॉलमधलं भाडं सांगितलं.

“आन् शेतकऱ्याचे?”

विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, “मामा, तुम्हालाही एक मागवू का? कंबर किती?”

“राहू दे. ते अठ्ठावीसशे मलेच दे. चौतीस किलो कापूस पाठवतो तुले. बस शिवत.”