निळ्याचा पत्ता नाही

मिसिसागा,
१६ फेब्रुवारी

ती. सौ. आईंना,


तुमचे चिरंजीव खुशाल आहेत. फक्त मान आखडलीय आणि तोंड फुगलंय. दोन्हींचं कारण फुलपाखरू.

शनिवारी नायगराला गेलो. धबधबा नाही हो, तो आता पाहुणे आले तरच. तिथल्या वनस्पती उद्यानात १९९६ पासून फुलपाखरांचं काचघर आहे. बाहेर उणे बारा, आत आपला श्रावण. हप्त्यांवर घेतलेली मॅक्रो लेन्स चिरंजीवांनी थाटात काढली आणि गार काचेवर दमट हवा लागताच तिच्यावर धुकं! वीस मिनिटं पुसत होते. शेवटी ती पुसून नाही, आपोआप गरम होऊन निवळली.

मग निळा मॉर्फो. उडताना असा चमकतो की माझी मोरपंखी पैठणी त्याच्यापुढे पोतेरं. पण बसला की पंख मिटतो, आणि मिटल्यावर दिसते ती खालची बाजू: तपकिरी, वर डोळ्यांसारखे गोल. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांच्या ताटलीवर तो बसला, गुंडाळलेली सोंड उलगडून रस ओढू लागला. चिरंजीव समोर गुडघ्यांवर. इतक्या जवळून म्हणे डोळा स्पष्ट आला की पंखाचं टोक पुसट होतं आणि श्वास घेतला तरी फोकस हलतो. म्हणून श्वास रोखून, लालबुंद होऊन, "उघड रे राजा, एकदाच उघड!" माझ्याशी कधी इतक्या लाडानं बोलल्याचं आठवत नाही.

फोटो २१४. सगळे तपकिरी. गाडीत एकात निळं काहीतरी सापडलं म्हणून ओरडले. मोठं करून पाहिलं तर आमच्या ईराचं जाकीट. मी आपलं समजावलं, की तो निळा म्हणजे खरा रंगच नव्हे, पंखांवरच्या खवल्यांच्या बारीक रचनेवरून उजेड तसा परततो. मुळात नाहीच ते सापडणार कुठून? तेव्हापासून अबोला.

आता म्हणतात, गणपतीला येऊ तेव्हा निलवंत टिपणार. २०१५ पासून तो महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, आणि आपल्या परसातल्या लिंबावर तर फुकट अंडी घालतो. तर अण्णांना सांगा, लिंबाच्या पानांवर पाखराच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते, ती काठीनं उडवू नका.

आणि आई, तोही बसला की पंख मिटतो का, तेवढं बघून ठेवा. मिटत असेल तर फक्त मला कळवा.

तुमची,
मृदुला