खाकीचा पारखी

नगर जिल्ह्यातल्या घोडेगावला शुक्रवारी म्हशींचा बाजार भरतो. अशा गावात पोलिसपटाचा पारखी निपजला नसता तरच नवल. पांढरी टोपी, खिशात तंबाखूची पुडी आणि टपरीवर चहाचे पैसे दुसऱ्याने द्यायचे, एवढी त्याची ओळख पुरे. शहरातले समीक्षक ‘तीच ती कथा’ म्हणून ज्या सिनेमाला दीड तारा देतात, त्यावर हा तासभर बोलतो. आणि माझ्या मते निवाडा याचाच खरा. म्हैस मागच्या शुक्रवारच्या म्हशीसारखीच दिसते म्हणून कोणी सौदा मोडत नाही. दात बघतात, कास चाचपतात, वेत कितवं ते विचारतात. पारखीही कथा ठाऊक आहे असं धरूनच बसतो. ‘सिंघम’ (२०११) तमिळवरून आला आणि ‘सिम्बा’ (२०१८) तेलुगूवरून, हे त्याला ऐकवलं तर म्हणतो, “मुऱ्हा तरी कुठं नगरची? हरियाण्याचीच ना? दूध देती का ते बोला.”

त्याची पहिली कसोटी खलनायक. १९८३च्या ‘अर्धसत्य’मध्ये रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर नगरचे, त्यामुळे खलनायकाचं माप आपल्याच जिल्ह्यात ठेवलंय अशी त्याची खात्री आहे. नुसते डोळे वटारून किंचाळणाऱ्याला तो ‘भाकड’ म्हणून बाजूला काढतो, आणि ते बरोबरच आहे. समोरचा दांडगा असल्याशिवाय फौजदाराच्या मर्दुमकीला किंमत येत नाही. दुसरी कसोटी हुद्द्याची. नायकाच्या एका ठोशात सहा जण हवेत गेले तर हा निवांत तंबाखू मळत असतो, पण खांद्यावर दोन तारे असलेल्या फौजदारापुढे कलेक्टर उठून उभा राहिला की याचं डोकं फिरतं. हा विरोधाभास वाटतो, पण नाही. गुरुत्वाकर्षणाकडे कागद घेऊन कधी जावं लागत नाही, कलेक्टर कचेरीत जावं लागतं. आणि दार लाथेनं तोडण्याचा प्रसंग आला की शेजारच्या शनिशिंगणापूरचा दाखला ठरलेला: तिथं घरांना दारंच नाहीत, पोलीस ठाणंसुद्धा २०१५ साली आलं, मग नायकानं लाथ मारायची कुठं?

असल्या सिनेमांनी लोकांना कोर्टाची अडगळ वाटू लागते, हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २०१९ साली हैदराबादला बलात्कार-खुनाचे आरोपी चकमकीत मारले गेल्यावर पोलिसांवर फुलं उधळली गेली. २०२२ साली न्या. सिरपूरकर आयोगाने तीच चकमक बनावट ठरवली. फुलं उधळणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण ते पाप पारखीच्या माथी मारण्याआधी त्याची मोटारसायकल चोरीला गेल्यावर तो काय करतो ते बघावं. आधी आमदाराच्या पीएला फोन, मग ठाण्यात तक्रारीची शिक्क्यानिशी नक्कल, मग पंचनामा दोनदा वाचून सही. खरा सिंघम त्या ठाण्यात बदलून आला तर पहिली कानफटात ट्रिपल सीट जाणाऱ्याला बसेल, म्हणजे आपल्यालाच, हे तो पक्कं ओळखून आहे. तरीही सिनेमात कोर्ट दाखवू नये असं तो ठासून सांगतो. बांधाच्या दाव्यात त्याला पुन्हा पुढची तारीख पडलीय, आणि तिथला त्याचा नायक म्हणजे वकील, तोही पुकारा होऊन गेल्यावर येतो.