वेदर खराब आहे, काका!

स्वित्झर्लंडमध्ये पाऊस पडतो, ही बातमी मराठी माणसापर्यंत नीट पोचलेलीच नाही. यश चोप्रांनी तर ती अजिबात पोचू दिली नाही. त्यांच्या सिनेमातल्या स्वित्झर्लंडात बर्फ असतो, ऊन असते, हिरवळ असते आणि हिरवळीवर शिफॉनची साडी असते. साडीवर प्लास्टिकचा रेनकोट चढवून गाणे म्हणणारी नायिका कुणाला आठवत नाही. या कामगिरीची जाण ठेवून तिथल्या लोकांनी २०११ मध्ये युंगफ्राऊच्या एका रेल्वेगाडीला चोप्रांचे नाव दिले आणि २०१६ मध्ये इंटरलाकेनला त्यांचा पुतळा बसवला. त्याच डोंगरावर, ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोख स्टेशनात, 'बॉलिवूड' नावाचे हॉटेलही निघाले. मराठी सहलीचा सगळा बेत असा ऊन गृहीत धरून आखलेला असतो. सहलीच्या तिसऱ्या दिवशी पाऊस लागला की बसमधल्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकच वाक्य ऐकू येते : गेले पैसे पाण्यात.

सांगलीच्या दुष्काळी जत तालुक्यात पैसे पाण्यात जाण्याची सोय असती, तर लोक हार घेऊन वेशीवर उभे राहिले असते.

तेव्हा बजेटमधल्या प्रवाशाने स्वित्झर्लंडमध्ये पावसाचा दिवस कसा घालवावा, याचे मार्गदर्शन घ्यायचे तर ते जतकराकडूनच घ्यावे. उदाहरणासाठी जतच्या पूर्व भागातले कुणीही निवृत्त मास्तर चालतील. असे मास्तर त्या बाजूच्या प्रत्येक गावात एक तरी असतात. पेन्शन बेताची, छत्री काळी, हिशेबाची वही खिशात आणि पुतण्या झ्युरिकला कॉम्प्युटरमध्ये. पुतण्याने 'काका, एकदा या' म्हणायचे आणि काकांनी खरेच यायचे, एवढ्यावर हा प्रवास घडतो.

मास्तरांची पहिली झटापट गणिताशी होते. एका फ्रँकला शंभराच्या वर रुपये मोजावे लागतात. त्याआधी ९० युरो व्हिसाचे आणि ३०,००० युरोंचा विमा. आपल्या आजारपणाची एवढी किंमत कुणी करील असे मास्तरांना आजवर वाटले नव्हते. सामानात शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, धपाटे आणि किलोभर बेदाणा. खव्याचे पेढे मात्र घरीच राहिले, कारण आपल्याकडचे दुधाचे पदार्थ आणि मांस त्या देशात न्यायला मनाई आहे. ज्या देशाने चॉकलेट आणि चीज जगभर पोचवले तो आपले पेढे आत घेत नाही, याची नोंद मास्तरांनी वहीत 'एकतर्फी व्यापार' या सदराखाली केली.

दोन दिवस पुतण्याच्या एका खोलीत काढून मास्तर बर्नला निघाले. बर्न ही तिथली राजधानी. कागदोपत्री राजधानी म्हणायचे टाळतात, 'संघाचे शहर' म्हणतात, पण संसद तिथेच आहे. संसदेच्या पायथ्याशी, आरे नदीजवळ, युवक वसतिगृह आहे. वसतिगृहाच्या नावातला युवक वय विचारत नाही. सामायिक खोलीत एका खाटेचे पन्नासेक फ्रँक पडतात आणि त्यात मुक्कामापुरता ट्राम-बसचा पासही मिळतो. सकाळी मास्तरांनी खिडकी उघडली तर बाहेर धो धो पाऊस. खोलीतली बाकीची पोरे पांघरूण ओढून झोपली. तेवढ्यात झ्युरिकहून फोन आला.

"काका, आज कुठं जाऊ नका. वेदर खराब आहे."

"पाऊस पडाय लागलाय की रं!"

"तेच म्हणतोय. खराब आहे."

मास्तरांनी फोन ठेवला आणि पोरगा हाताबाहेर गेल्याचे गावी कळवायचे की नाही, याचा थोडा वेळ विचार केला.

जूनचे दिवस होते. जूनमध्ये जतवरून ढग जातात, थांबत नाहीत. सह्याद्रीने पश्चिमेलाच सगळे उतरवून घेतलेले असते, त्यामुळे सांगलीच्या पूर्वेला जे काही यायचे ते बहुतेक सप्टेंबरात परतीच्या वाटेवर येते. बर्नमध्ये वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही वर्षभर हप्त्याहप्त्याने. उन्हाळ्यात थोडा जास्तच. जतच्या वाट्याला साधारण त्याच्या निम्मा येतो आणि तोही येईलच असे नाही. मास्तरांनी सांगलीहून घेतलेली छत्री आजवर फक्त ऊन अडवत आली होती. तिचा मूळ उपयोग तिला बर्नमध्ये कळला.

बर्न हे पावसात हिंडायला युरोपातले सर्वांत स्वस्त शहर असावे. जुन्या गावाच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दगडी कमानींचे सज्जे आहेत आणि ते सगळे जोडले तर सहा किलोमीटर भरतात. माणूस स्टेशनाच्या बाजूने आत शिरला की अस्वलांच्या बागेपर्यंत बहुतेक कोरडा पोचतो. या जुन्या गावाला १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कमानींखाली दुकाने आहेत, दुकानांत घड्याळे आहेत, घड्याळांवर किमती आहेत. त्यातली एक किंमत वाचून मास्तरांनी तिचे एकरांत रूपांतर केले आणि पुढे बघत चालू लागले. वेळ बघायला मोठ्या मनोऱ्यावरचे १५३० सालचे खगोलयंत्र आहेच. तास पुरा होण्याआधी त्यातला कोंबडा आरवतो, अस्वले फेरी मारतात आणि हे सगळे फुकट असते. अस्वलांच्या बागेलाही तिकीट नाही. शहराच्या निशाणावर अस्वल आहे आणि खरी अस्वले नदीकाठी सरकारी खर्चाने राहतात. पाऊस असल्यामुळे त्या दिवशी ती बाहेर आली नाहीत. त्यांनाही कुणीतरी वेदर खराब असल्याचे सांगितले असावे.

रस्त्याच्या मधोमध कारंजी आहेत. शहरात ती शंभरावर आहेत आणि त्यांतले पाणी पिण्याचे असते. सोळाव्या शतकातल्या एका कारंज्यावर एक राक्षस लहान मूल तोंडात घालतो आहे आणि त्याच्या झोळीत आणखी मुले शिल्लक आहेत. पहिलीला प्रवेश घ्यायला आलेल्या पालकांना हा पुतळा दाखवावा, असे मास्तरांच्या मनात येऊन गेले. पटसंख्या आठवल्यावर त्यांनी तो विचार सोडला. मग राक्षसाच्या खाली बाटली धरून ते पोटभर पाणी प्यायले, त्यांनी बाटली भरली आणि ते पुन्हा प्यायले. जतकराला वाहत्या नळापासून उठवणे अवघड असते. त्याचा परिणाम अर्ध्या तासाने जाणवला आणि मास्तर घाईने स्टेशनात परतले. तिथल्या स्वच्छतागृहाच्या दारात यंत्र बसवलेले होते आणि यंत्राला दोन फ्रँक हवे होते.

इथे मास्तरांना स्विस अर्थव्यवस्थेचे मर्म सापडले. बर्नमध्ये पाणी आत घ्यायला पैसे पडत नाहीत, बाहेर टाकायला पडतात. जतमध्ये टँकरचे पाणी आत घ्यायला पैसे पडतात आणि बाहेर टाकायला अख्खे माळरान मोकळे आहे. दोन्ही ठिकाणी माणूस शेवटी तेवढाच लुटला जातो, फक्त नाका वेगळा.

संसदेसमोरच्या चौकात फरसबंदीतूनच पाण्याचे २६ फवारे उडतात. देशात २६ कँटन आहेत, प्रत्येकाला एक फवारा, कुणाला कमी-जास्त नाही. वरून पाऊस आणि खालून फवारे असा तो देखावा बघून मास्तरांचा जीव वरखाली झाला. त्यांनी आजूबाजूला चावी शोधली. सापडली नाही. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत; प्रत्येकाला एक फवारा द्यायचा तर मंत्रालयासमोरच्या चौकात सांगलीच्या फवाऱ्याचे पाणी आटपाडीकडे वळवावे की जतकडे, यावर एक उपसमिती नेमावी लागेल आणि तोवर फवारा कोरडा राहील.

चौकाच्या मागून नदीकडे उतरणारी शंभरेक मीटरची एक इवलीशी डोंगरगाडी आहे, मार्झिलीबान. पासात तीही फुकट, म्हणून मास्तर तिच्यातून दोनदा वर आले आणि तीनदा खाली गेले. १८८५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिला वीज नव्हती. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड होऊन खाली यायचा आणि दोराने खालच्या डब्याला वर ओढायचा. खाली आला की टाकी रिकामी. सत्तरच्या दशकापर्यंत ही गाडी अशी पाण्यावर चालली.

म्हैसाळला याच्या उलट चालते. तिथे कृष्णेचे पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवून मिरज, कवठेमहांकाळ, जतकडे न्यायचे असते आणि प्रत्येक टप्प्याला वीजबिल वाढते. बिलाचे ८१ टक्के सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्याने सोसावेत, असे ठरेपर्यंत कितीदा तरी पंप थंड पडले. बर्नमध्ये पाण्याने माणूस वर चढवला. आपल्याकडे पाणी वर चढवता चढवता दोन पिढ्यांचे आमदार वर चढले.

दुपारी पाऊस वाढला तसे मास्तर क्रामगासे ४९ या पत्त्यासमोर थांबले. आइन्स्टाइन १९०३ ते १९०५ या काळात तिथे भाड्याने राहत होता. तो पेटंट कचेरीत तिसऱ्या वर्गाचा तज्ज्ञ होता. १९०५ साली त्याने सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला आणि पुढच्या वर्षी खात्याने त्याला दुसऱ्या वर्गात बढती दिली. सरकारी नोकरीत राहून खासगी उद्योग केल्याबद्दल नोटीस कशी आली नाही, हे मास्तरांना कळेना. आत जायला तिकीट होते, म्हणून सापेक्षतेचा अनुभव त्यांनी शेजारच्या कॉफीच्या दुकानाबाहेर घेतला. पाटीवर पाच फ्रँक लिहिले होते. स्विस माणसाच्या दृष्टीने तो एक कप होता. मास्तरांच्या दृष्टीने साखर, पावडर आणि अर्ध्या महिन्याचे दूध. त्यांनी कमानीखालच्या बाकावर भाकरी सोडली आणि शेजारी बसलेल्या आजीबाईंना मूठभर बेदाणा दिला. आजीबाई आकाशाकडे बघून हळहळल्या. मास्तर बेदाण्याकडे बघून हळहळले. बेदाणा शेडवर वाळत असताना पाऊस आला तर काय होते, हे आठवून तेवढ्या एका बाबतीत त्यांना आजीबाईंचे पटत होते.

या देशालाही तहान लागते, हे वसतिगृहाच्या काउंटरवरच्या पोराने सांगितले तेव्हा मास्तरांचा विश्वास बसेना. २०१८ च्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या कुरणांत पाणी आटले आणि लष्कराच्या हेलिकॉप्टरांनी गाईंसाठी पाणी वर नेले. गाईसाठी हेलिकॉप्टर! जतकडच्या माडग्याळच्या मेंढ्यांना हे समजता कामा नये, असे मास्तरांनी मनाशी ठरवले. आपल्याकडे जास्तीत जास्त रेल्वे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी सोडली होती. ती जत रोड स्टेशनावरूनच पुढे गेली. जतकरांनी तिला हात केला असेल, पण पाण्याला जतचा थांबा कधीच नव्हता.

महाराष्ट्र सरकारची मंडळीही दर जानेवारीत स्वित्झर्लंडला जाते, दावोसला. त्यांना पावसाचा त्रास नसतो, कारण तेव्हा बर्फ असतो, आणि कॉफीची पाटीही वाचावी लागत नाही. २०२५ मध्ये त्यांनी तिथे १५ लाख ७० हजार कोटींचे सामंजस्य करार केले, त्यातले पुष्कळसे भारतातल्याच कंपन्यांशी. मुंबईतल्या माणसाला मुंबईतल्या माणसाशी बोलायला आल्प्स ओलांडावा लागतो, यातही सापेक्षता आहेच. मास्तरांच्या हातून एकच सामंजस्य करार झाला : खोलीतल्या कोरियन पोराने घोरायचे नाही आणि मास्तरांनी पहाटे चारला दिवा लावायचा नाही.

संध्याकाळी काउंटरवरच्या त्याच पोराने मूटियेची गोष्ट सांगितली. मूटिये हे पूर्वी बर्न कँटनातले फ्रेंच बोलणारे गाव. शेजारचा जुरा कँटन १९७९ मध्ये बर्नमधूनच फुटून निघाला, तेव्हापासून मूटियेचा जीव तिकडे. २०१७ मध्ये गावाने मतदान केले, ते गैरप्रकारांमुळे रद्द झाले. २८ मार्च २०२१ ला पुन्हा मतदान केले आणि १ जानेवारी २०२६ पासून गाव जुरात गेले. निवडणूक ड्यूटीवर आयुष्य काढलेल्या मास्तरांना रद्द मतदानाचा भाग फार ओळखीचा वाटला. गाव खरेच गेले, हा भाग मात्र त्यांनी दोनदा विचारून घेतला.

कारण हा विषय जतचा आहे. पाणी हे तिथले जुने हत्यार. १६७३ मध्ये उमराणीला प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाच्या फौजेचे पाणी तोडून त्याला नमवले होते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाने डाव उलटा टाकला. जतच्या चाळीस ग्रामपंचायतींनी आमच्याकडे येण्याचा ठराव केला आहे, असे मुख्यमंत्री बोम्मईंनी सांगितले; ठराव जुना आहे, २०१२ चा, असे फडणवीसांनी उत्तर दिले; आणि वाद रंगात असतानाच डिसेंबरच्या सुरुवातीला कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतमधल्या तिकोंडीच्या तलावात येऊन पडले. त्या पाण्यामागोमाग मुंबईहून सुमारे दोन हजार कोटींची विस्तारित म्हैसाळ योजना घाईघाईने पुढे सरकली. दहा वर्षे अर्ज करून जे हलले नाही, ते शेजारच्या राज्याने चावी फिरवल्यावर दहा दिवसांत हलले.

मास्तर गावी परतले आणि पारावर त्यांनी बर्नचा वृत्तांत सांगितला. घड्याळे, अस्वले, आइन्स्टाइन यांत कुणाला रस नव्हता. मूटिये ऐकल्यावर मात्र तंबाखू मळणारे हात थांबले.

"म्हंजे बर्नमधी एक गाव कमी झालं म्हना की."

"झालं."

"मग जागा रिकामी हाय."

"बर्नात दोन भाषा चालतात, जर्मन आणि फ्रेंच," मास्तर म्हणाले.

"हितंबी दोनच चालत्यात. मराठी नि कन्नड."

"अहो, पण सात हजार किलोमीटरवर आहे ते!"

"जायाचं कुनाला हाय, मास्तर? ठरावाची बातमी मुंबईला गेली म्हंजे झालं."

त्यानुसार 'गाव बर्न कँटनात समाविष्ट करणेबाबत' हा मुद्दा ग्रामसभेत आयत्या वेळचा विषय म्हणून घेण्यात आला. गणपूर्ती नसल्याने सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे ठराव पुढच्या आठवड्यात बहुमताने मंजूर होईल, असा अंदाज आहे. लेखी हरकत एकच आली आहे, तीही मास्तरांची : समावेश झाल्यास माळरानावर दोन फ्रँकचे यंत्र बसवले जाणार नाही, एवढे बर्नकडून आधी लिहून घ्यावे.